पिस्तुलाच्या काडतुसांची लांबी एकसारखी येत नाही: प्रेस आणि डायवाल्यांनो, कारण शोधायला मदत करा

सातपूरकर

मंडळी, प्रश्न नाशिकचा नाही, पण उत्तर नाशिकमध्येच मिळेल असं वाटतं म्हणून इथे टाकतोय.

माझा आतेभाऊ ॲरिझोनात असतो. पिस्तुलाच्या क्लब मॅचेस नेमाने खेळतो. तिकडे वापरलेल्या पितळी पुंगळ्या गोळा करून घरीच पुन्हा काडतुसं भरणारे पुष्कळ आहेत. स्वतःपुरतं भरायला तिथे अडचण नाही, लागणारी यंत्रं दुकानात मिळतात. हा ९ मिमीची भरतो. गॅरेजमध्ये हाताने ओढायचा पाच स्टेशनचा प्रेस बसवलाय. हँडल एकदा ओढलं की पाचही जागी एकेक काम होतं. पहिल्या जागी पुंगळी डायमध्ये (साच्यात) दाबून मापात येते आणि जुना प्रायमर (पिन आपटली की पेटणारी बुडातली टोपी) निघतो, हँडल परत जाताना नवा बसतो. दुसरीकडे दारू पडते आणि पुंगळीचं तोंड किंचित फुलतं. तिसरीकडे दारूची पातळी तपासली जाते, चौथीकडे गोळी बसते, पाचवीकडे तोंड पुन्हा आवळलं जातं. मग खालची फिरती प्लेट एक घर पुढे सरकते.

त्याने २८.७० मिमी एकूण लांबी धरून डाय लावली आहे. प्रत्यक्षात काडतुसं २८.६० पासून २८.८६ पर्यंत येतात. म्हणजे पाव मिलीमीटर, दहा थाव (थाव म्हणजे इंचाचा हजारावा भाग)! डायचा लॉक नट घट्ट आहे, हँडल प्रत्येक वेळी शेवटपर्यंत जातं असं तो शपथेवर सांगतो.

मी प्रेस टूल्समधला माणूस. प्रेसने बुश दाबून बसवताना आम्ही ०.०२ च्या आत राहतो. त्यामुळे मला हा फरक प्रचंड वाटतो आणि प्रेसची फ्रेम कमजोर आहे असा माझा संशय आहे. तो म्हणतो, नवीन प्रेसला पैसे घालायच्या आधी कारण सांग. रास्त आहे. तर फरक नेमका कुठून येत असेल, आणि तो शोधायचा कसा?

गोदाकाठची_मीरा

भरलेली काडतुसं घरात? गॅरेजमध्ये? वाचूनच धडकी भरली. पण प्रश्न भारी आहे, लक्ष ठेवून आहे.

अंबड_टूलरूम

सातपूरकर, फ्रेमला दोष द्यायच्या आधी एक विचारतो. मोजतोय कशाने?

डिजिटल व्हर्नियर असेल तर चांगल्यातल्या चांगल्याची अचूकता ±०.०२ असते. त्यात हात, दाब, जबड्यात काडतूस किंचित तिरकं बसणं, हे सगळं मिळवा. आधी एकच काडतूस घ्या आणि पुन्हा पुन्हा मोजा. प्रत्येक वेळी जबडे पूर्ण उघडायचे, काडतूस काढून परत लावायचं, आकडा लिहायचा. एकाच काडतुसाचा आकडा ०.०५ ने हलत असेल तर त्या पाव मिलीमीटरपैकी तेवढा वाटा मोजणाऱ्याचा आहे, प्रेसचा नाही. आमच्याकडे नवीन पोरगा इन्स्पेक्शनला आला की पहिलं काम हेच देतो. गेज आणि माणूस दोन्ही तपासले जातात.

सिन्नर_ते_सिनसिनाटी

आला माझा विषय! मी सिन्नरचा, सध्या ओहायोत. गेली बरीच वर्षं ९ मिमी आणि .४५ दोन्ही भरतो. सातपूरकर दादा, तुमच्या भावाला सांगा, घाबरायचं कारण नाही, पण दुर्लक्ष करायचंही कारण नाही.

आधी कमाल माप सांगतो, म्हणजे इथल्या इंजिनिअर मंडळींना ड्रॉइंग डोळ्यासमोर येईल. ९ मिमीच्या काडतुसाची एकूण लांबी जास्तीत जास्त २९.६९ मिमी. काडतुसांची मापं ठरवणाऱ्या दोन संस्था आहेत, अमेरिकेची ‘सामी’ आणि युरोपची ‘सीआयपी’, दोघींचं हेच माप. पुंगळीची लांबी जास्तीत जास्त १९.१५. गोळीचा व्यास नऊच्या किंचित वर. .४५ च्या काडतुसाची कमाल लांबी ३२.३९. या कमाल मापाच्या आत प्रत्येकाने आपल्या गोळीच्या आकाराप्रमाणे आणि आपल्या बॅरलप्रमाणे लांबी ठरवायची असते. बॅरल पिस्तुलातून सुटी काढायची, काडतूस तिच्यात सोडायचं, ‘टक्’ असा आवाज येऊन ते खाली बसलं पाहिजे आणि बोटाने गोल फिरलं पाहिजे. फिरलं नाही तर गोळी रायफलिंगला, म्हणजे बॅरलच्या आतल्या पीळदार खाचांना, टेकतेय, लांबी कमी करा. शिवाय मॅगझिनमध्ये मावलं पाहिजे, ते वेगळंच.

आता फरकाचं. पहिलं कारण ९० टक्के लोक विसरतात: गोळीचं टोकच एकसारखं नसतं. गोळी बसवणारा पंच टोकावर टेकत नाही, सहसा तो गोळीच्या गोलाईवर टेकतो. आपण मात्र मोजतो टोकापासून. शिशावर तांब्याचा पातळ मुलामा दिलेल्या स्वस्त गोळ्या असतील तर टोकं कमीजास्त चेपलेली असतात. म्हणजे गोळी अगदी बरोबर खोलीवर बसली तरी टोकाचा फरक लांबीत दिसणारच. भावाला सांगा, नुसत्या गोळ्या, न भरलेल्या, मोजून बघ.

मायक्रॉन

+१. डेटम, म्हणजे जिथून मोजायचं ती मूळ जागा, चुकीचा धरलाय! बसवायचं एका जागेवरून आणि मोजायचं दुसऱ्या जागेवरून. ड्रॉइंगवर असं कोणी केलं असतं तर आपण ते परत पाठवलं असतं.

सातपूरकर

हे मला सुचलंच नव्हतं. पंच गोलाईवर टेकतो हे महत्त्वाचं आहे. भावाला मेसेज टाकला. तिकडे आत्ता पहाट, उद्या कळवतो.

नेमबाज_ताई

मी थोडं वेगळं मत मांडते. मी १० मीटर एअर पिस्तूल शिकवते, गंगापूर रोडला आमच्या मुली सराव करतात. आमच्याकडे छऱ्याच्या डोक्याचं माप ४.४९, ४.५० असं डब्यावर छापलेलं असतं आणि मुली त्यावरून तासन्‌तास चर्चा करतात. टार्गेटवर दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलीमीटरचं. छरा बदलून फरक पडतो, नाही असं नाही. पण ज्या मुलीचा ट्रिगर दाबताना मनगटाचा झटका जातो, तिच्या गोळीबारात छऱ्याचा फरक शोधूनही सापडत नाही.

तुमचे भाऊ क्लब मॅचमध्ये दहा-पंधरा मीटरवर पुठ्ठ्याच्या मोठ्या टार्गेटवर वेगाने मारत असणार. तिथे लांबीतल्या पाव मिलीमीटरने गुण जात नाहीत. तो वेळ कोऱ्या सरावाला द्यावा, म्हणजे पिस्तूल रिकामं करून, खात्री करून, भिंतीकडे धरून नुसता ट्रिगर. माझं स्पष्ट मत आहे हे.

सिन्नर_ते_सिनसिनाटी

ताई, नेमाच्या बाबतीत तुमचं शंभर टक्के पटतं. पण इथे लांबीचा संबंध नेमाशी नाही, दाबाशी आहे.

९ मिमीची पुंगळी लहान. गोळी जेवढी खोल बसेल तेवढी दारूसाठी आतली जागा कमी होते, आणि दाब लांबीच्या प्रमाणात सरळ रेषेत वाढत नाही, झपाट्याने वाढतो. मुळातच हे जास्त दाबाचं काडतूस आहे, सामीची कमाल मर्यादा ३५,००० पीएसआय. .४५ ची २१,०००. म्हणून .४५ थोडं माफ करतं, ९ मिमी करत नाही. सरासरी किती आली याची मला काळजी नसते. सगळ्यात आखूड काडतूस कोणतं आणि ते आखूड का झालं, याची असते. लांब झालेलं फार तर मॅगझिनमध्ये अडकेल किंवा चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या, काडतूस बसायच्या जागेत) बसणार नाही, तुम्हाला तिथेच कळेल. आखूड झालेलं मुकाट्याने चेंबरमध्ये जातं.

नेमबाज_ताई

हे मान्य. आमच्या क्षेत्रात हवा असते, दारू नाही, म्हणून हा मुद्दा माझ्या विचारात नव्हता. मग सातपूरकरांच्या भावाने २८.८६ चं सोडून २८.६० कडे बघायला हवं.

कोर्टनाका

वकील म्हणून एक ठळक सूचना, कारण धागा इथल्या पोरासोरांच्याही वाचनात येईल. भारतात हे घरी करायचं नाही. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५: परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा बनवता, विकता, दुरुस्त करता येत नाही. कलम २५ मधली शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं आणि पुढे जन्मठेपेपर्यंत आहे. पिस्तुलाचा परवाना असणं म्हणजे काडतुसं बनवण्याचा परवाना असणं नव्हे. अमेरिकेत स्वतःपुरतं भरायला केंद्राचा परवाना लागत नाही, विकायचं म्हटलं की तिथेही लागतो.

सातपूरकर

धन्यवाद वकीलसाहेब. इथे कोणी काही बनवत नाहीये, सगळं तिकडचं आहे. आपण फक्त मोजमापाचं डोकं लावतोय. बरं, एक विचारायचं होतं. भाऊ दिवाळीला येतोय. दारू आणि प्रायमर नसलेलं नमुना काडतूस बॅगेतून घेऊन येऊ का म्हणतोय, म्हणजे मला प्रत्यक्ष मोजता येईल.

कोर्टनाका

नाही. नाही. आणि नाही. विमानतळावर एक्स-रेमध्ये ते काडतूसच दिसणार. आत दारू नाही हे सिद्ध होईपर्यंत दिवाळी, भाऊबीज आणि तुळशीचं लग्न सगळं आटपलेलं असेल. रिकामी पुंगळीसुद्धा आणू नका. फोटो मागवा.

गोदाकाठची_मीरा

भाऊबीजेला आतेभाऊ पोलीस ठाण्यात, हे चित्र डोळ्यासमोर आलं 😀 फोटोच बरा.

निवृत्त_निरीक्षक

नमस्कार. मी दारूगोळा कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो, आता इंदिरानगरला असतो. महाराष्ट्राला या कामाची जुनी परंपरा आहे. खडकीचा कारखाना १८६९ चा. आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात वरणगावला लहान शस्त्रांची काडतुसं बनतात. २०२१ पासून दोन्ही म्युनिशन्स इंडियाच्या छत्राखाली आहेत.

दोन मुद्दे मांडतो.

एक. कारखान्यात पुंगळ्या एकाच लॉटच्या असतात. एकच पितळ, एकच ॲनिलिंग (तापवून मऊ करणं), एकच भिंतीची जाडी. सातपूरकरांचा भाऊ मैदानावरून उचललेल्या पुंगळ्या वापरतो म्हणजे त्यात चार-पाच कंपन्यांच्या मिसळलेल्या असणार. जाड भिंतीच्या पुंगळीला मापात आणायला जास्त जोर लागतो. अनेकदा वापरलेली पुंगळी कडक झालेली असते, तिलाही जास्त जोर. जोर बदलला की प्रेस कमीजास्त ताणला जातो, आणि तो ताण चौथ्या स्टेशनवरच्या लांबीत दिसतो. पुंगळीच्या बुडावर कंपनीचा शिक्का असतो. शिक्क्याप्रमाणे वेगळ्या करायला सांगा.

दोन. त्याने काडतुसं मोजली ती क्रमाने का? बहुतेक नाही. प्रेसमधून ती डब्यात पडतात, तो डब्यातून हाताला येईल ते उचलून मोजतो. त्यामुळे सगळ्यात मोलाची माहिती हरवली. कोणतं आधी झालं, कोणतं नंतर, हे माहीत असेल तर अर्धं निदान तिथेच होतं. आकडे हळूहळू एकाच दिशेने सरकत असतील तर काहीतरी सैल होतंय किंवा काहीतरी साचतंय. आकडे वरखाली उड्या मारत असतील तर कारण पुंगळी, गोळी किंवा मोजणं. आणि फक्त सुरुवातीची आणि शेवटची काडतुसं वेगळी येत असतील तर ते तिसरंच प्रकरण आहे. बहुधा अमेरिकेतले मित्र ते सांगतील.

सिन्नर_ते_सिनसिनाटी

काका, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत! तिसरं प्रकरण सांगतो, कारण मला वाटतं भावाचं २८.६० तिथेच आहे.

पाच स्टेशनच्या प्रेसमध्ये सगळ्यात जास्त जोर पहिल्या स्टेशनला लागतो, जिथे पुंगळी दाबून मापात येते. त्या जोराने खालची प्लेट एका बाजूला किंचित झुकते आणि वरचं डाय धरणारं डोकंही किंचित उचललं जातं. बाजेच्या एका कडेला माणूस बसला की बाज कशी कलते, तसंच. आता डब्यातल्या पुंगळ्या संपत आल्या की पहिलं स्टेशन रिकामं होतं. जोर गेला, प्लेट सरळ झाली, डोकं खाली आलं. चौथ्या स्टेशनवरची गोळी जास्त खोल बसली. काडतूस आखूड! सुरुवातीलाही तसंच: पहिली पुंगळी चौथ्या घरात पोचेपर्यंत मागे नवीन पुंगळ्या येत राहिल्या तर ठीक, पण एकच पुंगळी घालून पाचही घरं फिरवली आणि तिच्यावर डाय सेट केली, तर ते सेटिंग चालू कामाला लागू पडत नाही.

म्हणून नियम असा की सगळी घरं भरलेली असताना डाय लावायची, आणि कामाच्या शेवटी जी काही काडतुसं रिकाम्या घरांसोबत झाली ती बाजूला काढून वेगळी मोजायची.

अंबड_टूलरूम

हे वाचून बरं वाटलं. प्रोग्रेसिव्ह टूलमध्ये, म्हणजे पत्र्याची पट्टी घराघराने पुढे सरकते त्या डायमध्ये, हेच! पट्टी डायमध्ये शिरताना आणि संपताना लोड एका बाजूला असतो, पहिले आणि शेवटचे पीस म्हणूनच आपण सेटअप पीस म्हणून फेकतो. सातपूरकर, तुमच्या रोजच्या कामातलं उत्तर आहे हे.

सातपूरकर

खरंच की! आमच्या टूलमध्ये गाइड पिलर (सरळ धरणारे खांब) असतात म्हणून ते झुकणं मापात राहतं, त्याच्या प्रेसला वरखाली होणारा एकच रॅम मधोमध आहे. म्हणजे माझा फ्रेमवरचा संशय अर्धा खरा, पण फ्रेम बदलण्याचं कारण नाही, लोड एकसारखा ठेवण्याचं आहे.

देवळाली_कॅम्प

तापमानाचं कोणी बोललं नाही. ॲरिझोनात गॅरेज उन्हाळ्यात भट्टी असते. पितळ फुगत नाही का?

मायक्रॉन

फुगतं, पण हिशेब करून बघा. पितळाचा प्रसरणांक अंशाला दशलक्षात १९ च्या आसपास. तीस मिमी लांबी, दहा अंशांचा फरक: ३० × १० × ०.००००१९ = ०.००५७ मिमी. जेमतेम सहा मायक्रॉन. त्याच्या व्हर्नियरला ते दिसणारही नाही. तापमान बाद.

देवळाली_कॅम्प

झालं, माझा एकमेव मुद्दा सहा मायक्रॉनमध्ये निकालात. आकडा मात्र लिहून ठेवला.

पंचवटी_एक्सप्रेस

अवांतर: स्वप्निल कुसाळेने पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य घेतलं, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण. हे लोकही असंच घरी भरत असतील का?

नेमबाज_ताई

नाही हो. त्या दोन्ही प्रकारांत .२२ रिमफायर वापरतात. त्यात स्वतंत्र प्रायमर नसतो, पेटणारा मसाला पुंगळीच्या काठातच भरलेला असतो, आणि पिन पडली की काठ चेपतो. ती पुंगळी एकदा वापरली की संपली. त्यामुळे एकसारखेपणासाठी वरचे नेमबाज वेगळी वाट धरतात: काडतुसं बनवणाऱ्यांच्या टेस्ट रेंजवर आपली बॅरल घेऊन जातात, वेगवेगळे लॉट मारून बघतात आणि आपल्या बॅरलला जो लॉट मानवतो तोच मोठ्या संख्येने घेतात. निरीक्षक काकांनी लॉटबद्दल जे सांगितलं तेच तत्त्व.

सिडको_चौफुली

म्हणजे हापूसची पेटी एकाच झाडाची मिळाली तर घ्यायची 🙂

सातपूरकर

भावाचं उत्तर आलं. मेहनत घेतलीये पठ्ठ्याने. जसं आलं तसं सांगतो.

एकच काडतूस परत परत मोजलं: आकडे ०.०३ मध्ये. म्हणजे व्हर्नियर आणि हात ठीक.

नुसत्या गोळ्या मोजल्या: सगळ्यात लांब आणि सगळ्यात आखूड यांत ०.११. त्या मुलामावाल्याच आहेत. सिनसिनाटीचे भाऊ बरोबर निघाले.

आता अडचण अशी, की टोकाचा फरक वजा करून खरी बसण्याची खोली मोजायची कशी? तिकडे त्यासाठी तयार जोडणी मिळते म्हणे, पण तो मलाच विचारतोय.

अंबड_टूलरूम

तयार कशाला, एक बुश (आरपार भोकाची अंगठी) टर्न करा. माइल्ड स्टीलचा तुकडा, बाहेरून २०, लांबी १५, आतून ८.५० बोअर. गोळी नऊच्या वर असल्याने बुश गोलाईवर अडकून बसेल, टोक आत जाईल आणि मापातून बाहेर पडेल. महत्त्वाचं एवढंच:

दोन्ही तोंडं एकाच सेटिंगमध्ये फेस करता येत नाहीत, म्हणून दुसरं तोंड सरफेस ग्राइंडरवर घ्या, समांतरता ०.०१ च्या आत. बोअरच्या कडेचा बर्र दगडाने अलगद काढा, पण चॅम्फर (कडेचा उतार) मोठा करू नका, नाहीतर टेकायची जागा बदलेल. आणि बोअर रीमरने करा. ड्रिलचं भोक तीन कोनी होतं आणि गोळी त्यात डुगडुगते.

मग काडतुसावर बुश ठेवायचा आणि बुशच्या वरच्या तोंडापासून पुंगळीच्या बुडापर्यंत मोजायचं. बुशची लांबी प्रत्येक वेळी तीच असल्याने वजा करायचीही गरज नाही, आपल्याला फरकच बघायचाय.

मायक्रॉन

व्हर्नियर सोडा, ग्रॅनाइटच्या तुकड्यावर डायल स्टँड लावायला सांगा. काडतूस उभं ठेवायचं, वर बुश, बुशवर डायलची चकती. हाताच्या दाबाचा प्रश्नच मिटतो. तिथे ग्रॅनाइट नसेल तर जाड काचेचा तुकडा चालेल. भरलेल्या काडतुसावर डायल जपून टेकवायची, आपटायची नाही, आणि बुडाखाली प्रायमरपाशी काही टोकदार येता कामा नये.

निवृत्त_निरीक्षक

शेवटची ओळ लाल अक्षरात वाचावी. प्रायमर सपाटीपासून किंचित आत बसलेला असला पाहिजे. बाहेर आलेला असेल तर ते काडतूस मोजायलाही घेऊ नये.

शिवाय एक सुचवतो. मोजणी पाच-पाचच्या गटात, क्रमाने करा. प्रत्येक गटाची सरासरी आणि कमाल-किमान फरक काढा. फरकांची सरासरी घेऊन २.३२६ ने भागलं की प्रमाण विचलनाचा चांगला अंदाज मिळतो, पाचच्या गटासाठी तोच गुणक आहे. मग गटांच्या सरासऱ्या कागदावर ओळीने मांडा. सरकत जात असतील तर डोळ्यांना दिसेल.

सिन्नर_ते_सिनसिनाटी

सरकण्याबद्दल: साच्यात ओतलेल्या शिशाच्या गोळ्या वापरत असेल तर त्यांच्यावरचं मेण बसवणाऱ्या पंचच्या खोबणीत साचतं. खोबणी भरत गेली की गोळी जास्त जास्त खोल ढकलली जाते, काडतुसं हळूहळू आखूड. उलट डायचा नट ढिला होत असेल तर डाय वर सरकते आणि काडतुसं हळूहळू लांब. दिशेवरून कारण कळतं.

आणखी एक: गोळी बसवणं आणि तोंड आवळणं एकाच डायमध्ये करू नये. आवळायला सुरुवात झाल्यावरही गोळी खाली जात राहते आणि शिसं खरवडलं जातं. त्याच्याकडे ते वेगळं आहे, उत्तम. पण दुसऱ्या स्टेशनवर तोंड पुरेसं फुलतंय ना ते बघा. कमी फुललं तर गोळी तिरकी शिरते.

सातपूरकर

बुश मीच केला, दुपारच्या चहाच्या वेळात. निव्वळ पोलादाची अंगठी आहे, पाठवायला हरकत नाही ना वकीलसाहेब?

कोर्टनाका

अंगठीला हरकत नाही. पार्सलवर ‘मोजमापाचा स्टील बुश’ असं सरळ लिहा. काडतुसाचं चित्र असलेला कागद आत टाकू नका, उगाच कोणाला चौकशी करावीशी वाटेल.

गोदाकाठची_मीरा

पुढे काय झालं? रोज येऊन धागा बघून जातेय.

सातपूरकर

उशीर झाला, पार्सलने वेळ घेतला. आता पूर्ण निकाल.

त्याने पुंगळ्या शिक्क्याप्रमाणे वेगळ्या केल्या, एकाच शिक्क्याच्या घेतल्या. सगळी घरं भरलेली असताना डाय नव्याने लावली. काडतुसं डब्यात न पाडता, एकेक उचलून लाकडी फळीवरच्या भोकांत क्रमाने उभी केली, आणि बुश लावून डायलवर मोजली.

टोकापासून मोजलं तर फरक अजूनही ०.१६ दिसतो. बुश लावून गोलाईपासून मोजलं तर मधल्या सगळ्या काडतुसांचा फरक ०.०६. आणि अगदी शेवटची तीन, जेव्हा पहिलं स्टेशन रिकामं झालं होतं, ती मधल्यांपेक्षा ०.०८ ते ०.१० ने आखूड. फळीवर उभी असल्याने डोळ्यांनी ओळखता येत नाहीत, डायलवर मात्र काटा ठळक खाली जातो. आकडे सरकत नाहीत, म्हणजे नट आणि पंच ठीक.

थोडक्यात पाव मिलीमीटरमधला मोठा वाटा गोळ्यांच्या टोकांचा होता, त्याखालोखाल मिसळलेल्या पुंगळ्यांचा आणि रिकाम्या घरांचा. प्रेस तोच ठेवतोय.

अंबड_टूलरूम

हाताने ओढायच्या प्रेसवर ०.०६ म्हणजे फार सुंदर काम आहे. भावाला शाबासकी कळवा.

सिन्नर_ते_सिनसिनाटी

अप्रतिम! आता त्याला शेवटची चाचणी सांगा. लांबी बरोबर असून भागत नाही, गोळी तिथे टिकली पाहिजे. मॅगझिनमधून चेंबरमध्ये जाताना काडतुसाचं टोक उतरणीवर आपटतं, आणि पकड सैल असेल तर गोळी आत ढकलली जाते. मग घरी डायलवर बघितलेली लांबी उपयोगाची नाही. म्हणून काही काडतुसं घ्यायची, लांबी लिहायची, टोक टेबलाच्या लाकडी कडेवर ठेवून अंगठ्याने घट्ट दाबायचं, पुन्हा मोजायचं. लांबी तीच आली पाहिजे. कमी झाली तर कारण पहिल्या स्टेशनवर शोधायचं, तिथे पुंगळी पुरेशी आवळली जात नाहीये किंवा दुसऱ्या स्टेशनवर तोंड जास्त फुलतंय. पाचव्या स्टेशनवर जोरात आवळून हे दुरुस्त होत नाही, उलट बिघडतं. ९ मिमीचं काडतूस चेंबरमध्ये पुंगळीच्या तोंडावर टेकून उभं राहतं. तोंड जास्त आत वळवलं तर टेकायची कडाच जाते.

आणि मॅचनंतर न उडवता पिस्तुलातून काढलेलं काडतूस तेच पुन्हा पुन्हा वर चढवत राहू नये. प्रत्येक वेळी ते टोकावर आपटतं.

नेमबाज_ताई

हे शेवटचं आमच्या पोलीस भरतीच्या मुलांनाही सांगणार आहे. सरावाला भरलेलं आणि काढलेलं तेच काडतूस पुन्हा पुन्हा वर येत राहतं, कोणाच्या लक्षातही येत नाही.

सातपूरकर

अंगठ्याची चाचणी केली त्याने, आत्ताच फोन झाला. मधल्यांपैकी एकाचीही लांबी हलली नाही. ती शेवटची तीन आखूड मात्र त्याने वेगळ्या डबीत ठेवलीयेत. विचारतोय, उडवून टाकू का? त्याने दारू कमीच ठेवलेली आहे म्हणे.

सिन्नर_ते_सिनसिनाटी

नको. फरक लहान आहे आणि बहुधा काही होणार नाही, पण ‘बहुधा’वर पिस्तूल हातात धरायचं नसतं. गोळी काढायचा प्लास्टिकचा हातोडा मिळतो, त्यात काडतूस उलटं धरून लाकडावर आपटलं की गोळी आणि दारू वेगळी होते. डोळ्याला चष्मा लावून. दारू परत डब्यात ओतायची नाही, ती गेली. गोळी आणि पुंगळी चांगल्या असतील तर पुढच्या फेरीला वापरू दे.

निवृत्त_निरीक्षक

सहमत. आणि पुढच्या वेळी शेवटच्या तीन काडतुसांसाठी तीन पुंगळ्या जास्तीच्या घ्यायला सांगा. गोळी न बसवता, दारू न घालता, फक्त पहिल्या स्टेशनचा भार राहावा म्हणून. म्हणजे शेवटचं काडतूसही मधल्यांसारखंच होईल.

सातपूरकर

पाठवला त्याला हा मेसेज. म्हणाला, निवृत्त काकांना नमस्कार सांग, आजच करतो.